पांढरे कपडे, जळके हात : धुण्यासाठी काय निवडावे?



मार्च संपत आला की आपल्या वस्त्यांत ट्रंका उघडतात. 14 एप्रिलला घालायचा पांढरा सदरा, वैशाख पौर्णिमेच्या वंदनेला नेसायची पांढरी साडी, लेकरांची झबली-टोपडी असे सगळे बाहेर निघते. वर्षभर घडीत राहिलेले कपडे पिवळट झालेले असतात आणि डांबरगोळीचा वास मारत असतात. मग किराणा दुकानातून पावडरीच्या पुड्या, ब्लीचची बाटली, निळीची डबी येते. नळाला पाणी कमी, मोरी अंधारी, वेळ थोडा. त्या दिवसांत आम्हाला हात दाखवायला येणाऱ्या बायांची संख्या वाढते. कुणाच्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडलेल्या असतात, कुणाच्या नखाची कड सुजून नखुरडे झालेले असते, कुणाच्या तळहाताची सालपटे निघालेली असतात.

आम्ही वस्तीत बैठक घेतो तेव्हा प्रश्न ठरलेला असतो : "ताई, हे केमिकल सोडून काहीतरी नैसर्गिक सांगा ना." प्रश्न चांगला आहे. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि रासायनिक म्हणजे विष, अशी सरळ वाटणी आम्ही करणार नाही. प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारायचे. ही नेमके काय काम करते? ते काम आपल्याला हवे आहे का? कोणाच्या हाताला लागणार आहे? घरातल्या कोणाच्या तोंडात, डोळ्यात जाऊ शकते? या चार प्रश्नांत उतरेल ती वस्तू ठेवायची.

पुडीत काय असते?

धुण्याच्या पावडरीत मळ सोडवणारे मुख्य द्रव्य असते, ते खनिज तेलापासून बनवलेले असते. त्याच्यासोबत धुण्याचा सोडा आणि मीठ असते. स्वस्त पावडरीत बऱ्याचदा सोड्याचा भरणा जास्त असतो. शिवाय वास असतो, रंग असतो आणि कपडा चमकवणारे एक द्रव्य असते. हे चमकद्रव्य मळ काढत नाही. ते कपड्याला चिकटून राहते आणि उन्हात निळसर उजेड फेकते. त्यामुळे डोळ्यांना कपडा जास्त पांढरा दिसतो. नीळही तेच करते : पिवळेपणावर निळा रंग चढवते, मळ जिथल्या तिथेच राहतो.

हे कळले की अर्धा खर्च वाचतो. पांढरेपणा ही एक गोष्ट आहे, स्वच्छता दुसरी. घाम, तेल, मळ निघाला, कपडा नीट खळबळला आणि उन्हात वाळला, की तो स्वच्छ झाला. किंचित पिवळट असला तरी. आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या 'अस्वच्छ' म्हणून हिणवले गेले. म्हणून कपडे दुधासारखे पांढरे दिसलेच पाहिजेत हा ताण आपल्या बायांच्या मनावर जास्त असतो. तो ताण आम्ही समजू शकतो. पण कोणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी स्वतःचे हात ब्लीचने भाजून घ्यायची गरज नाही.

पुडीवर लिंबाचे किंवा कडुनिंबाचे चित्र असले म्हणजे आत लिंबू, कडुनिंब असेलच असे नाही. चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या.

ऊन : फुकटचे आणि पहिले

पांढऱ्या सुती कपड्यासाठी सगळ्यांत चांगला नैसर्गिक उपाय म्हणजे कडक ऊन. ओला पांढरा कपडा उन्हात वाळताना आपोआप उजळतो, आणि उन्हाने बरेच जंतूही मरतात. एप्रिलमधले ऊन तर हातातले धन आहे. पांढरे कपडे सकाळी लवकर धुवा आणि दुपारपर्यंत थेट उन्हात ठेवा. रंगीत कपडे मात्र उलटे करून सावलीत वाळवा, नाहीतर विटतील.

गल्ली अरुंद आहे, ऊन येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. अशा ठिकाणी चार घरांनी मिळून एखाद्याच्या गच्चीवर किंवा विहाराच्या मागच्या अंगणात दोरी बांधावी आणि पाळीने वापरावी.

साबणाची वडी

तेल किंवा चरबी आणि अल्कली यांपासून बनलेला साधा धुण्याचा साबण जुना आणि भरवशाचा आहे. फक्त वडी घेताना वेष्टन वाचा. 'डिटर्जंट केक' किंवा 'डिटर्जंट बार' लिहिले असेल तर ती पावडरच, वडीच्या रूपात.

साबणाची एक अडचण आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात त्याला फेस येत नाही, साबण फाटतो आणि पांढरा थर कपड्यावर बसतो. तुमच्याकडे बोअरचे पाणी असेल तर आधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवा. अर्ध्या बादलीला एक लहान चमचा पुरतो. मग साबण लावा. वडी कमी झिजेल.

धुण्याचा सोडा

सोडा स्वस्त आहे, तेलकट मळ सोडवतो आणि त्यात वास-रंग नसतो. आज दुकानात मिळणारा सोडा बहुतेक कारखान्यातला असतो, पण हा क्षार निसर्गातही सापडतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी अशाच क्षारांमुळे अल्कधर्मी आहे. निसर्गाने केलेले म्हणून त्या पाण्यात कोणी तान्ह्या बाळाला अंघोळ घालणार नाही. सोड्याचेही तसेच समजा.

कसा वापरावा : अर्धी बादली गरम पाणी, त्यात एक मोठा चमचा सोडा. आधी पूर्ण विरघळू द्या, मग कपडे टाका. काठीने हलवा, हाताने नाही. अर्ध्या तासाने पाणी ओतून टाका, साध्या पाण्यात एकदा खळबळा आणि मग साबण लावून घासा. म्हणजे हात सोड्याच्या पाण्यात बुडत नाहीत. रेशीम आणि लोकर सोड्यात टाकू नका, धागा खराब होतो. अॅल्युमिनिअमच्या पातेल्यात सोडा उकळू नका, भांडे काळे पडून झिजते.

चुलीची राखही अशीच काम करते, कारण लाकडाच्या राखेत क्षार असतो. राख रात्रभर पाण्यात ठेवून वरचे निवळ पाणी कपड्यांना वापरायची जुनी रीत आहे. पण ते पाणीही हाताला झोंबते. आणि राख फक्त लाकडाची हवी. कोळशाची, प्लास्टिक किंवा कचरा जाळलेली राख कपड्यालाही नको आणि भांड्यालाही नको.

रिठा

रिठ्याच्या सालीत फेस करणारे द्रव्य असते. रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर, रंग जाणारे सुती कपडे आणि नाजूक कपडे यांच्यासाठी रिठा चांगला.

दहा-बारा रिठे फोडून बी काढून टाका. साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी दहा-पंधरा मिनिटे उकळा, गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून गाळा. हे पाणी अर्ध्या बादलीत मिसळून कपडे भिजवा. उरलेले पाणी दोन दिवसांत संपवा, नाहीतर आंबते.

रिठ्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याचे ऑइलचे कपडे, वडापावच्या गाडीवरचा अॅप्रन रिठ्याने निघत नाही. पांढऱ्या कपड्यावर त्याची तपकिरी छटा राहू शकते. शिकेकाईची तर हमखास राहते, ती केसांसाठीच ठेवा. रिठ्याचे पाणी डोळ्यात गेले तर चांगलीच आग होते. आणि ते तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नका. तेच फेसाचे द्रव्य माशांना मारते.

लिंबू, व्हिनेगर, खळ

लोखंडी दोरीचा किंवा खिळ्याचा गंजाचा डाग पांढऱ्या सुती कपड्यावर पडला, तर त्यावर लिंबू पिळा, मीठ चोळा, तासभर उन्हात ठेवा आणि धुवा. ब्लीचने गंजाचा डाग निघत नाही. मात्र लिंबू पिळल्यावर हात साबणाने धुवूनच उन्हात जा. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर एक-दोन दिवसांत फोड येतात आणि पुढे काळे डाग राहतात. बरीच माणसे याला ॲलर्जी समजतात.

कपडे मऊ करणाऱ्या वासाच्या द्रव्याची गरज नाही. त्याने टॉवेल आणि बाळाचे लंगोट पाणी कमी शोषतात, आणि दमा असलेल्यांना त्या वासाने त्रास होऊ शकतो. शेवटच्या पाण्यात पाव वाटी पांढरे व्हिनेगर टाकले तर साबणाचा उरलेला अंश निघून कपडा मऊ राहतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र मिसळून फेस दाखवायची रीत हल्ली निघाली आहे. फेस छान दिसतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात वापरा.

सदऱ्याला कडकपणा हवा असेल तर भाताच्या पेजेची खळ पुरते. पेज गाळून, पातळ करून, कपडा बुडवून वाळवा. पण खळ घातलेला कपडा ट्रंकेत ठेवू नका, कसर लागते.

ट्रंकेतली डांबरगोळी आणि तान्हे बाळ

या लेखातले सगळ्यांत महत्त्वाचे आम्ही इथे सांगतो आहोत.

डांबरगोळी बहुधा नॅप्थॅलिन या रसायनाची असते. गोळी हळूहळू हवेत उडते आणि कपड्यांत मुरते. काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचा एक घटक जन्मतः कमी असतो. हा दोष मुलग्यांत जास्त आढळतो आणि बाहेरून दिसत नाही. अशा बाळाला डांबरगोळीतून काढलेले झबले घातले किंवा दुपट्यात गुंडाळले, तर ते रसायन श्वासातून आणि कातडीतून शरीरात शिरते. रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात आणि बाळाला कावीळ होते. बाळाच्या अंगाला तेल लावलेले असेल तर रसायन आणखी सहज शिरते. आपल्याकडे तर रोज तेल चोळतात. कावीळ फार वाढली तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

म्हणून मोठ्या भावाचे जपून ठेवलेले कपडे, आजीचे मऊ लुगडे, जुनी गोधडी बाळासाठी काढायची असेल, तर ती डांबरगोळीत ठेवलेली नसावी. ठेवलेली असेल तर तान्ह्या बाळाला वापरूच नका. मोठ्यांच्या कपड्यांनाही वास असेल तर साबणाने धुवून दोन-तीन दिवस उन्हात टाका आणि मगच ते घालून बाळाला कुशीत घ्या. बाळाचे डोळे-अंग पिवळे दिसले, लघवी गडद झाली, बाळ सुस्त पडले, दूध ओढेनासे झाले तर थांबू नका. दवाखान्यात न्या आणि डांबरगोळीच्या कपड्यांबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा. पांढरी गोळी रांगत्या मुलाला गोड खाऊसारखी दिसते, तो धोका वेगळाच.

मग कपडे टिकवायचे कसे? कीड घामाला, खरकट्या डागाला आणि खळीला लागते. कपडे स्वच्छ धुवून, कडकडीत वाळवून, जुन्या सुती चादरीत बांधून ठेवा. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून पुरचुंडीत घाला आणि दर दोन महिन्यांनी बदला. ट्रंक पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उन्हात उघडी ठेवा. गोळीऐवजी कापूर ठेवायचा असेल तर उंचावर आणि बंद डब्यात. कापूर मुलाच्या पोटात गेला तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात.

पाळीचे कापड आणि लंगोट

रक्ताचा डाग कधीही आधी गरम पाण्यात घालू नका, डाग पक्का बसतो. थंड पाण्यात भिजवा, पाणी ओता, साबण लावा, खळबळा. पाळीचे कापड थेट उन्हात वाळवा. साडीच्या घडीखाली, खाटेखाली, अंधारात वाळवलेले कापड ओलसर राहते आणि त्याने खाज, जखमा होतात. दोरीवर ते कापड दिसले म्हणून कोणाची मान खाली जाण्याचे कारण नाही. घरातल्या पुरुषांनी हे आधी समजून घ्यावे.

लघवीने ओले लंगोट आधी साध्या पाण्यात खळबळा, मग साबण. ओल्या लंगोटावर सरळ ब्लीच ओतू नका. लघवीशी मिसळून त्रासदायक वायू निघतो.

आजारपणात मात्र रिठ्यावर थांबू नका

घरात हगवण, उलटीची साथ असेल तर रिठा, लिंबू, कडुनिंब पुरे पडत नाहीत. शी-उलटीने भरलेले कपडे धुवून पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा. उकळणे शक्य नसेल तर ताज्या ब्लीचिंग पावडरीचा एक सपाट मोठा चमचा दहा लिटर पाण्यात मिसळा, धुतलेले कपडे अर्धा तास त्यात बुडवा, मग साध्या पाण्याने खळबळून उन्हात वाळवा. हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घाला आणि दार-खिडकी उघडी ठेवा. अशा वेळी रसायनच जीव वाचवते.

खरूज झाली तर घरातल्या सगळ्यांचे उपचार एकाच दिवशी करा आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवून उन्हात टाका. जी गोधडी धुता येत नाही ती पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खरजेचे किडे माणसाच्या अंगाविना तेवढे दिवस जगत नाहीत. महागड्या जंतुनाशकाची गरज नाही.

हे कधीच करू नका

ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नका. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगरही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा मोरीत माणूस गुदमरतो. चुकून तसे झाले तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या.

ब्लीच, ॲसिड, सोडा पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही. पोटात गेलेच तर उलटी करवू नका, येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. मीठ-पाणी पाजू नका. तोंड पाण्याने धुवा, 108 ला फोन करा, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. डोळ्यात किंवा अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे सतत धुवा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

हातांसाठी

आपल्यातल्या अनेक जणी स्वतःच्या घरचे धुऊन झाल्यावर चार घरची धुणी-भांडी करतात. तिथे पावडर कोणती हे मालकीण ठरवते आणि भेगा मात्र आपल्या हातांना पडतात. हातमोजे मागणे ही मेहेरबानीची मागणी नाही. हात हेच आपले कामाचे अवजार आहे. ते शाबूत ठेवायचा खर्च काम देणाऱ्याने उचलावा. एकटीला मागायला जड जाते, म्हणून एका सोसायटीत जाणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून मागा. कोरडी पावडर थेट हाताने उचलू नका, चमचा वापरा. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण साचतो. काम झाल्यावर हात साध्या पाण्याने धुवा, बेचके कोरडे करा आणि खोबरेल तेल चोळा. भेगांतून पू येत असेल, खाज पंधरा दिवसांत थांबत नसेल, तर सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात दाखवा. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून मलम आणू नका.

या वर्षी महिला मंडळाच्या बैठकीत एक प्रयोग करा. एकाच जुन्या पांढऱ्या चादरीचे तीन तुकडे घ्या. एक नेहमीच्या पावडर-ब्लीचने धुवा, एक सोड्यात भिजवून साबणाने, एक रिठ्याने. तिन्ही एकाच उन्हात वाळवा. मग तुकडे हातात घेऊन बघा, वास घ्या, आपापले हात बघा, खर्च मांडा. आम्ही सांगतो म्हणून काही मानू नका. तुमच्या पाण्याला आणि तुमच्या कपड्याला काय चालते ते तुम्हीच ठरवा. डांबरगोळी आणि तान्हे बाळ एवढ्या एका बाबतीत मात्र प्रयोग नको. ती ट्रंक आजच उघडा.